डावीकडची सीट

मुलगी पाच महिन्यांची झाली आणि बायकोची रजा संपत आली. ती जळगावातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी दातांचा डॉक्टर, माझा दवाखाना अकराला उघडतो. म्हणून असं ठरलं, की रोज सकाळी मी मुलीला सासूबाईंकडे पोचवायचं आणि संध्याकाळी बायकोने गाडी नेऊन आणायचं. सासूबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, मध्ये हायवे ओलांडावा लागतो. घरात वाहनं दोन, बायकोची स्कूटर आणि माझी गाडी.

या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न झालं त्या वर्षी मी ती एका दलालाकडून जुनी विकत घेतली. परदेशी बनावटीची, गडद निळी, दोन दारांची, बुटकी. सीट दोनच. मागे एक सूटकेस ठेवता येईल एवढी जागा. अशी गाडी माणूस फक्त हौसेनं घेतो. माझे वडील पहूरला असतात, कापूस लावतात. पहिल्यांदा ती अंगणात नेऊन उभी केली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दोनच जन बसतीन हिच्यात. तिसरं आलं म्हंजे कुठी बसवशीन?"

मी म्हणालो, "आलं की बघू, आबा."

आता ते बघायची वेळ आली होती. पुण्याच्या बहिणीने बाळाची सीट पाठवली होती. तोंड मागच्या बाजूला करून बसवायची, टोपलीसारखी. कागदावर चित्रं होती, बेल्ट कुठून घालायचा, कुठे अडकवायचा. रविवारची अख्खी सकाळ मी त्यात घालवली. गाडीच्या सीटच्या दोन्ही कडा उंच, मध्ये खोलगट. बाळाची सीट एका बाजूला तरी कलायची, नाहीतर इतकी उभी राहायची की बाळाची मान पुढे पडेल. बायको दारात मुलीला घेऊन उभी होती. शेवटी ती म्हणाली, "सीट कव्हरवाल्याकडे जा. तो काहीतरी खाली घालून देईल."

आमच्या दवाखान्यातली पेशंटची खुर्ची ज्यांनी दोनदा शिवून दिली ते कारागीर बसस्टँडच्या मागे बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पंचवीसेक वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतायत. त्यांनी बाळाची सीट बाजूला ठेवली, गाडीची डावी सीट हाताने चाचपली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.

"डॉक्टर, यात आधी लेकराची सीट बसत होती," ते म्हणाले.

"नाही हो. आमचं पहिलंच आहे."

"तुमचं नाही म्हणत मी. हे बघा." लेदरमध्ये दोन खळगे होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. मी ते तीन वर्षांत पाहिले नव्हते. पाठीच्या टेकूवर एक आडवी घासलेली रेघ होती. मग त्यांनी सुईच्या टोकाने शिवणीतून काहीतरी पिवळट, खपलीसारखं उकरून काढलं आणि तळहातावर घेऊन मला दाखवलं. "दूध. वाळलं की असं होतं. वरून पुसतात लोक, शिवणीत राहून जातं."

मी त्यांना खाली काहीतरी घालून द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "आधी ज्याने बसवली होती त्याने बरोबर बसवली होती. खळगे सरळ आहेत. त्याला विचारा ना, काय केलं होतं. मी अंदाजाने फोम घालीन आणि लेकराच्या मानेला काही झालं तर?"

दलालाने गाडी देताना सांगितलं होतं, एकाच मालकाची आहे, जास्त वेळ उभीच असायची. बाळाचा विषय निघाला नव्हता. आरशाच्या वर एक छोटा नारिंगी दिवा कायम लागलेला असायचा, त्यावर बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्यापुढे एक गोळा. त्याबद्दल तो म्हणाला होता, सेन्सर गेलाय, काही होत नाही. मीही सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट नसताना मी मोबाईलवर त्या गाडीचं माहितीपुस्तक शोधून काढलं. सेन्सर वगैरे काही गेलेला नव्हता. डाव्या सीटसमोरची एअरबॅग बंद केली की तो दिवा लागतो. बंद करायची सोय डॅशबोर्डच्या कडेला असते, दार उघडल्यावरच दिसते, आणि तिला गाडीच्या रिमोटमध्ये दडवलेली धातूची किल्ली लागते. माझ्या रिमोटमध्ये ती किल्ली नव्हती, नुसती खाच होती. पुढे लिहिलं होतं, की मागे तोंड केलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, बाळ दगावू शकतं.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. ती मुलीला पाजत होती.

"म्हणजे मी तीन वर्षं तिथे बसतेय आणि ती बंद होती," ती म्हणाली.

"हो."

"पोटात ही होती तेव्हाही."

"हो."

मला वाटलं ती चिडेल. पण तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं. "मग ते बाळ कुठंय?"

"कुठलं?"

"ज्याच्यासाठी बंद केली ते. बाळ मोठं झालं की माणूस परत चालू करतो. यांनी केली नाही. गाडी विकली, आणि किल्ली ठेवून घेतली."

मी म्हणालो, विसरले असतील. ती म्हणाली, असतील. मग म्हणाली, "तू विचारून ये. तोवर मी हिला त्या जागी बसवणार नाही."

त्यानंतरचे चार-पाच दिवस मी गाडी नेहमीसारखीच चालवली, पण डावीकडे बघायचं टाळत होतो. सिग्नलला थांबलो की बाजूला कुणीतरी झोपलेलं आहे आणि आपण गाण्याचा आवाज कमी करायला हवा, असं वाटायचं. दोनदा मी तो खरंच कमी केला. हे मी घरी बोललो नाही.

दलालाने आढेवेढे घेऊन धुळ्याचा एक नंबर दिला, नाना म्हणतात त्यांना, एवढंच सांगितलं. फोन एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी गाडीचा रंग सांगितला, कुठून घेतली ते सांगितलं, आणि म्हणालो की आतली किल्ली राहिली आहे.

"लेकरू शे का घरमा?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"हो. मुलगी. पाच महिन्यांची."

"मग गाडी घेऊन या," आता ते शुद्ध मराठीत, सावकाश बोलले. "तिची सीटही आणा. फोनवर नाही समजायचं."

धुळ्याला देवपुरात त्यांचं घर होतं, बैठं, पुढे लोखंडी फाटक आणि पत्र्याच्या शेडखाली रिकामी जागा. ते फाटकाशीच उभे होते. उंच, वाळलेले, पांढरा पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी गाडी रस्त्यावर लावायला लागलो तर त्यांनी हाताने शेडकडे खूण केली. मी आत घेतली. ती त्या जागेत बरोबर बसली, दोन्ही बाजूंना दार उघडेल एवढीच जागा उरली.

मी "नमस्कार नाना" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सरळ गाडीच्या डाव्या बाजूला गेले. दार उघडलं. सीटला हात लावला नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "सीट द्या."

मी खोक्यातून काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "आमची वेगळी होती. पण चालेल." ते घरात गेले आणि फोमची एक पाचर घेऊन आले, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, वर गडद हिरवं रेक्झिन शिवलेलं. ते एसटीच्या सीटचं होतं, लगेच ओळखू आलं.

"मी डायव्हर होतो," ते म्हणाले. "तीस वर्षं. धुळे आगारात."

त्यांनी गाडीची सीट पूर्ण मागे सरकवली. पाचर सीटच्या खोलगट भागात, पाठीला टेकवून ठेवली. वर बाळाची सीट ठेवली, डाव्या तळहाताने खाली दाबून धरली, उजव्या हाताने बेल्ट ओढून दोन्ही बाजूंच्या खाचांत घातला, मागून फिरवला, खटका लावला, आणि वरचा पट्टा थोडा थोडा करत ओढून ताणला. जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. हाताकडे तर ते बघतही नव्हते, त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. मग त्यांनी सीट धरून हलवली. सीट हलली नाही, गाडी हलली.

"बठ्ठं बरोबर शे," ते स्वतःशीच म्हणाले, म्हणजे सगळं बरोबर आहे.

त्यांनी आतून तांब्या आणून दिला. पाणी प्यायलो. शेवटी म्हणालो, "नाना, माझ्या बायकोने विचारलंय. या सीटवर जे बाळ बसायचं, ते..."

"ठीक आहे तो," ते लगेच म्हणाले. "सुरतेला आहे. शाळेत जातो आता."

माझा सुटलेला श्वास त्यांना ऐकू गेला असणार. त्यांनी मला पायरीवर बसायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची घेऊन बसले, गाडीकडे पाठ करून.

गाडी त्यांच्या मुलाची होती. तो पुण्याला नोकरीला होता, एकुलता एक. नातू सहा महिन्यांचा असताना मुलाचा आजार समजला, आणि समजला तेव्हा उशीर झालेला होता. नाशिकच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. सून त्याच्याजवळ राहिली. नानांची बायको आधीच गेलेली. म्हणून बाळ आणि गाडी दोन्ही धुळ्याला आली. नानांनी आयुष्यात लहान मूल एकट्याने सांभाळलं नव्हतं. शेजारच्या बायका दिवसा मदत करायच्या, पण तो झोपायचा नाही. एक दिवस त्यांनी त्याला गाडीत ठेवून फेरी मारली, तर चौक यायच्या आत झोपला. तेव्हापासून रोज सकाळी ते त्याला घेऊन पांझरेच्या पुलावरून निघायचे आणि नकाण्याच्या तलावापर्यंत जाऊन यायचे.

"बस चालवणारा माणूस, एवढ्याशा गाडीत. लोक हसायचे," ते म्हणाले. "माझे गुडघे छातीला लागायचे. पण त्याला आवडायचं. त्याचं तोंड मागे, माझं पुढे. मला तो दिसायचा नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. इंजिनचा आवाज कमी झाला की ऐकू यायचा."

मुलगा गेला त्या सकाळी ते तलावावर होते. गाडी थांबवली होती, मूल झोपलं होतं. नाशिकहून सुनेच्या भावाचा फोन आला.

"मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. लेकरू झोपलेलं. मी ठरवलं, हा उठेपर्यंत काही झालेलं नाही. एरवी तो अर्ध्या तासात उठायचा. त्या दिवशी दीड तास झोपला." त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला. "मी त्या दीड तासात काय काय बोललो मना पोऱ्याशी, माले आठवत नई. पण बोलत होतो. माझा मुलगाच तिथे मागे उभा असल्यासारखा."

वर्षभराने सुनेचं दुसरं लग्न झालं. नानांनीच पुढाकार घेतला, सून तरुण होती. माणूस चांगला मिळाला, सुरतेचा, मुलाला आपलं म्हणणारा. "मला बोलावतात ते. मीच जात नाही. त्या घरात मी कोण म्हणून जाऊ? पोराला नवा आजोबा आहे. त्याला दोन-दोन कशाला." सून आणि नातू सुरतेला गेल्यानंतरही काही दिवस नाना सकाळी गाडी काढत होते. सीट तशीच लावलेली. तलावावर जायचे, अर्धा तास थांबायचे, परत यायचे. एकदा शेजारच्या बाईंनी गाडीत वाकून पाहिलं आणि तशाच मागे फिरून घरात गेल्या. त्याच आठवड्यात नानांनी दलालाला बोलावलं.

बोलता बोलता त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. चपटी, करंगळीएवढी.

"ही मी मुद्दाम काढून घेतली," ते म्हणाले. "मनात होतं, उद्या कुणी न बघता त्या जागी लेकरू बसवलं तर? बंद आहे ती बंदच राहू दे."

ते ड्रायव्हर होते. माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचं त्यांनाच लक्षात आलं.

"म्हणजे इतकी वर्षं तिथे मोठं माणूस बसत होतं."

"माझी बायको, नाना."

ते उठून उभे राहिले आणि परत बसले. "ध्यानमाच उनं नई," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षं एक अपघात नाही माझ्या हातून. आणि हे ध्यानमाच उनं नई." त्यांनी हात जोडले. मी ते धरून खाली केले. माझे वडील असते तर मी जे म्हटलं असतं तेच म्हणालो, की काही झालं नाही ना, मग सोडा आता. पण त्यांनी ते सोडलं नाही. मी निघेपर्यंत दोनदा विचारलं, कधी जोरात ब्रेक लागला होता का, तिला कुठे लागलं होतं का.

परत येताना पारोळ्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं की मी पन्नासच्या वर गेलेलो नाही. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. प्रत्येक गतिरोधकावर मी गाडी जवळजवळ थांबवत होतो. सीट रिकामी होती, मला ती रिकामी दिसत होती. एरंडोलजवळ चहाला थांबलो तर उतरताना दार हळू लावलं, आणि टपरीवर गाडी दिसेल अशाच बाकावर बसलो. चहा अर्धा टाकून निघालो.

घरी सगळं सांगितलं. बायको शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग तिने मुलीला माझ्याकडे दिलं, खाली गेली आणि एकटीच ती सीट हलवून बघून आली. "घट्ट आहे," ती म्हणाली. "उद्यापासून ने."

पहिल्या दिवशी मुलगी रडली नाही. हायवे ओलांडून सासूबाईंच्या गल्लीत शिरेपर्यंत झोपून गेली होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पांघरुणाची फक्त कड दिसत होती. इंजिन बंद केल्यावर तिचा श्वास ऐकू आला. मी लगेच उतरलो नाही. सासूबाई गॅलरीतून हाक मारीपर्यंत तिथेच बसलो होतो, आणि सगळा वेळ मला वाटत होतं की मी दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसलोय.

दवाखान्यात पोचल्यावर नानांना फोन केला.

"रडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. झोपली."

"हं," ते म्हणाले. मग विचारलं, "मान सरळ राहते ना?"

"हो नाना."

तेव्हापासून दर महिन्याला त्यांचा फोन यायला लागला. दोन मिनिटांचा. पट्टा ढिला झाला का, खांद्याचे पट्टे वरच्या खाचेत घेतले का, पाचर सरकत तर नाही ना. मुलीचं बाकी काही विचारायचे नाहीत, नावसुद्धा नाही.

मुलगी दहा महिन्यांची असताना बायकोला प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी धुळ्याला जायचं होतं. त्या दिवशी सासूबाईंना बरं नव्हतं. तिने मुलीला सोबत घेतलं, गाडी तिनेच चालवली. परीक्षा होईपर्यंत मुलगी तिथल्या एका मैत्रिणीकडे राहिली. येताना बायको मला न सांगता देवपुरात गेली. मला हे कळलं संध्याकाळी जेवताना.

"कसे होते नाना?" मी विचारलं.

"बरे होते. गाडी बघितल्यावर आधी पट्टे तपासले. मग मी म्हटलं, घ्या ना तिला. त्यांनी घेतलं. खांद्याशी धरून शेडमध्ये चालत राहिले. ती त्यांच्या चष्म्याशी खेळत होती." ती ताटातला भात बाजूला सारत होती. "मग तिला परत सीटवर ठेवलं, पट्टे लावले. मी निघाले तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, 'बेटा, तिले आते परत आनू नका.'"

"का?"

"मी नाही विचारलं. मी हो म्हटलं."

आम्ही पुन्हा गेलो नाही. दीड वर्षाची झाल्यावर मुलगी त्या सीटमध्ये मावेना. आम्ही चार दारांची गाडी घेतली, मागे तिची मोठी सीट लावली. तिचं तोंड आता पुढे असतं, ती रस्त्यावरच्या गाड्या मोजते आणि सारखी बोलत असते. निळी गाडी पुण्याच्या एका माणसाने नेली. किल्ली मी रिमोटमध्ये परत बसवून, एअरबॅग चालू करून दिली, आणि ती कशासाठी असते ते दोनदा समजावून सांगितलं. बाळाची सीट शेजारच्या जोडप्याला दिली.

नानांना हे सांगायचं राहिलं. पहिल्या महिन्यात ते म्हणाले, पाचर ठीक आहे ना, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. दुसऱ्या महिन्यातही तसंच. आता मुलगी तीन वर्षांची होईल. त्यांनाही हिशेब कळत असणार, तीन वर्षांचं मूल टोपलीत बसत नाही. तरी दर महिन्याला फोन येतो, आणि मी दवाखान्यात एखाद्या पेशंटला थांबवून बाहेर जातो.

"मान सरळ राहते ना?" ते विचारतात.

"हो नाना," मी म्हणतो. "राहते."